गुडघा आणि पाठ

मी नऊ वर्षांची होते तेव्हा मला गुडघे लववायला शिकवण्यात आले. पुण्याच्या लष्कर भागातल्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेत वार्षिक समारंभाच्या पाहुण्याबाईंना पुष्पगुच्छ देण्यासाठी माझी निवड झाली होती, आणि त्या दोन मिनिटांच्या कामासाठी पंधरा दिवस आधीपासून मधल्या सुट्टीत एक वयस्कर सिस्टर मला सभागृहाच्या लाकडी रंगमंचावर उभे करून सराव करून घेत असत. उजवे पाऊल डाव्या पावलाच्या मागे न्यायचे. त्याची टाच टेकवायची नाही, फक्त चवडा जमिनीला लागू द्यायचा. अंगाचा सगळा भार पुढच्या पायावर ठेवायचा. आणि दोन्ही गुडघे किंचित बाहेरच्या बाजूला वळवत एका लयीत खाली जाऊन त्याच लयीत वर यायचे. मान थोडी झुकली तर चालते, पण पाठ वाकता कामा नये, असे त्या पुन्हा पुन्हा बजावत आणि पाठीचा ताठपणा तपासण्यासाठी माझ्या डोक्यावर एक वही ठेवत. या अभिवादनाला ‘कर्ट्सी’ म्हणतात आणि इंग्लंडमध्ये राणीसमोर गेलेल्या बायका असेच करतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळले.

घरी मी आजीच्या शिसवी कपाटाच्या आरशासमोर सराव करत असे आणि आजोबा आरामखुर्चीत बसून तो पाहत असत. एका संध्याकाळी त्यांनी मला तीन-चार वेळा तेच पुन्हा करायला लावले, बाजूने नीट निरखून पाहिले आणि म्हणाले, “पाठ वाकत नाही, एवढं बरं आहे.” मग त्यांनी मला जवळ बसवून बडोद्याची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील गायकवाड सरकारच्या खासगी कचेरीत कारकून होते आणि आजोबांचे सगळे लहानपण बडोद्यात गेले होते. ती गोष्ट पुढे येईलच. माझ्या मनात मात्र ती त्या संध्याकाळपासून कर्ट्सीला अशी चिकटून राहिली आहे, की एकीचा विचार करताना दुसरी आपोआप समोर येते.

‘कर्ट्सी’ हा शब्द सौजन्य या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचेच झिजलेले रूप आहे आणि त्याच्या मुळाशी ‘कोर्ट’, म्हणजे राजाचा दरबार आहे. दरबारात शोभेल असे वागणे म्हणजे सौजन्य, आणि ते वागणे अंगी असल्याची शरीराने दिलेली साक्ष म्हणजे कर्ट्सी. आज ती केवळ बायकांची समजली जात असली, तरी मध्ययुगात गुडघा लववणे हे पुरुषांचेही अभिवादन होते. पंधराव्या शतकातील एका इंग्रजी शिष्टाचारग्रंथात मुलांना असे सांगितले आहे, की देवासमोर दोन्ही गुडघे टेकावेत, माणसासमोर मात्र एकच टेकावा आणि दुसरा स्वतःजवळ राखून ठेवावा. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबले होते. समोरचा माणूस कितीही मोठा असला, तरी आपल्यातले काही त्याला द्यायचे नसते, ही गोष्ट त्या ग्रंथाने उपदेशाच्या भाषेत न सांगता गुडघ्यांच्या हिशेबात सांगितली आहे. पुढे पुरुष कमरेतून किंवा मानेतून झुकू लागले आणि गुडघा बायकांकडे राहिला. त्यांच्या घोळदार पोशाखाखाली पायांची हालचाल दिसतच नसे, दिसत असे ती फक्त एक संथपणे खाली जाऊन वर येणारी आकृती. जर्मनीत आणि स्वीडन-नॉर्वेसारख्या देशांत तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरी आलेल्या थोरांसमोर लहान मुली अशाच लवत असत, आपल्याकडे मुले पाहुण्यांच्या पाया पडतात तशा.

पण राजासमोरची कर्ट्सी ही निराळी विद्या होती आणि तिचा सर्वांत विस्तृत सोहळा लंडनच्या दरबारात होत असे. वयात आलेल्या उच्चकुलीन मुलींना राजा-राणीसमोर ‘सादर’ करण्याची तिथे प्रथा होती. सादर होण्यासाठी एका पुरस्कर्त्या स्त्रीची गरज लागे आणि ती स्वतः पूर्वी दरबारात सादर झालेली असावी लागे, त्यामुळे हे दार आतून उघडल्याशिवाय कोणालाही उघडता येत नसे. मुलीने पांढरा पोशाख घालायचा, केसांत शहामृगाची पिसे खोवायची, आणि पोशाखाचा मागे लोळणारा लांब घोळ हातावर घेऊन तासन् तास रांगेत उभे राहायचे. नाव पुकारले, की सेवक तो घोळ मागे पसरून देत, मुलगी पुढे जाऊन जवळजवळ जमिनीला टेकेल इतकी खोल कर्ट्सी राजाला करी, मग बाजूला सरकून तशीच दुसरी राणीला करी, आणि त्यानंतर सिंहासनाकडे पाठ न करता, स्वतःच्याच घोळात पाय न अडकू देता, मागे मागे जात दालनाबाहेर पडे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सरदाराची मुलगी असेल तर राणी तिच्या कपाळाचे चुंबन घेई आणि इतर मुलींनी राणीच्या हाताचे चुंबन घ्यायचे असे. म्हणजे एकाच रांगेत, एकाच पोशाखात उभ्या असलेल्या मुलींची प्रतवारी त्या शेवटच्या क्षणालाही चुकत नव्हती.

हे सगळे शिकवणाऱ्या बायका लंडनमध्ये असत. मादाम वकानी यांची नृत्यशाळा तर कर्ट्सीच्या शिकवणीसाठी इतकी प्रसिद्ध होती, की मुलींच्या पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. तिसऱ्या जॉर्ज राजाने राणी शार्लटच्या वाढदिवसासाठी १७८० मध्ये सुरू केलेल्या नृत्यसमारंभात तर पुढे राणी हयात नसताना वाढदिवसाच्या प्रचंड केकसमोर मुली रांगेने कर्ट्सी करत. केकसमोर लवणे विचित्र वाटेल, पण ज्यांनी दसऱ्याला शस्त्रांपुढे आणि लक्ष्मीपूजनाला चोपड्यांपुढे हात जोडले आहेत, त्यांना ते फार परके वाटू नये. माणूस जेव्हा अनुपस्थित व्यक्तीला मान देऊ पाहतो, तेव्हा त्याला समोर काहीतरी लागते. दरबारातील हे सादरीकरण दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळात थांबले. १९५८ च्या मार्च महिन्यात तीन दिवसांत सुमारे १,४०० मुलींनी शेवटच्या कर्ट्सी केल्या आणि तो अध्याय संपला.

वाकण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. नमस्कार, दंडवत, साष्टांग, लोटांगण, मुजरा, कुर्निसात असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकात शरीराचा निराळा भाग झुकतो. यांपैकी राजदरबाराचे शब्द मुख्यतः दोन, मुजरा आणि कुर्निसात, आणि ते दोन्ही बाहेरून आलेले. अकबराच्या दरबाराचे जे तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे, त्यात कुर्निसाताची रीत दिलेली आहे: उजव्या हाताचा तळवा कपाळावर ठेवायचा आणि डोके खाली झुकवायचे. त्याचा अर्थही तिथेच सांगितला आहे, की बुद्धी आणि इंद्रिये जिथे वसतात ते मस्तक माणसाने नम्रतेच्या हातावर ठेवून दरबाराला भेट दिले. अकबराने याच्याही पुढे जाऊन जमिनीवर डोके टेकवण्याचा सिजदा आणला होता, तो पुढे शहाजहानने बंद केला. मराठ्यांच्या मुजऱ्यात कमरेतून वाकून उजवा हात जमिनीकडे नेतात आणि कपाळापर्यंत आणतात, आणि मान मोठा असेल तर हे तीनदा करतात. सिस्टरांच्या कर्ट्सीत गुडघा जात होता आणि पाठ राहत होती. मुजऱ्यात पाठ जाते. आजोबांनी बाजूला उभे राहून माझ्यात काय तपासले होते, ते मला खूप वर्षांनी या फरकावरून कळले.

पाठीची आणखी एक बाब आहे. दरबारात पाठ वाकवणे हा जितका मोठा नियम होता, तितकाच पाठ न दाखवणे हाही होता. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे करण्यात आले, तेव्हा ते संतापून सिंहासनाकडे पाठ फिरवून बाजूला निघून गेले, असे त्या वेळच्या राजस्थानी पत्रांत नोंदलेले आहे. त्या दरबाराला शब्दांपेक्षा ती फिरलेली पाठ अधिक कळली असणार. आणि त्यानंतर आठच वर्षांनी, जून १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन सिंहासनासमोर उभा होता. त्याने दुरूनच लवून अभिवादन केले, त्याच्याबरोबरच्या नारायण शेणवी यांनी नजर करायची हिऱ्याची अंगठी उंच धरली, महाराजांचे तिकडे लक्ष गेले आणि त्यांनी त्यांना सिंहासनाच्या पायरीजवळ बोलावून वस्त्रे दिली. हे स्वतः ऑक्झिंडननेच लिहून ठेवले आहे. इंग्रज रायगडावर वाकला याचा अभिमान शाळेत आम्हांला फार होता. आज मला त्या प्रसंगातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते, ती म्हणजे दुरून वाकलेल्या माणसाला राजाने जवळ बोलावले.

परक्याच्या दरबारात किती वाकायचे, हा प्रश्न पुढे साम्राज्यांच्या राजकारणाचा झाला. १७९३ मध्ये इंग्लंडचा वकील मॅकार्टनी चीनच्या छ्येनलुंग सम्राटाच्या भेटीला गेला, तेव्हा तीन वेळा गुडघे टेकून नऊ वेळा जमिनीला कपाळ लावण्याच्या तिथल्या रीतीवरून कित्येक दिवस वाटाघाटी चालल्या. अखेर तो एक गुडघा टेकून भेटला, कारण आपल्या राजाला देतो त्याहून अधिक मान दुसऱ्या राजाला देणार नाही, ही त्याची भूमिका होती. सयामचा राजा चुलालोंगकोर्न याने तर १८७३ मध्ये स्वतःच्याच दरबारातील जमिनीवर लोटण्याची प्रथा फर्मान काढून बंद केली आणि ती जुलमाची खूण आहे असे कारण दिले. ज्याच्यासमोर लोक लोटत होते त्यानेच हे म्हणावे, याला मी फार मोठी गोष्ट मानते.

आता बडोद्याची गोष्ट. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत पाचव्या जॉर्ज राजाचा राज्यारोहण दरबार भरला. राजा स्वतः हजर असलेला दिल्लीचा तो एकमेव दरबार होता आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा तिथेच झाली. छत्राखाली राजाच्या शेजारी राणी मेरी बसली होती. हिंदुस्थानातील संस्थानिकांनी मानाच्या क्रमाने एकेकाने पुढे यायचे, लवून अभिवादन करायचे आणि पाठ न दाखवता मागे सरत जायचे, असे ठरले होते. पहिला मान हैदराबादच्या निजामाचा आणि दुसरा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात काठी घेऊन आले, एकदाच थोडेसे झुकले, वळले आणि राजा-राणीकडे पाठ करून चालत निघून गेले.

त्या दरबाराचे चलच्चित्रण झाले होते आणि ते लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवले गेले, त्यामुळे काही क्षणांची ती हालचाल हजारो लोकांनी पाहिली. वृत्तपत्रांनी तो राजद्रोह ठरवला. अरविंद घोष तेरा वर्षे बडोद्याच्या नोकरीत होते आणि महाराजांच्या राष्ट्रीय सहानुभूतीबद्दल ब्रिटिशांना आधीपासून संशय होता, त्यामुळे त्या पाठीचा अर्थ लावायला कोणी वेळ घेतला नाही. महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंग यांच्याकडे खुलाशाचे पत्र द्यावे लागले. त्या क्षणी आपण गोंधळलो आणि आपल्या आधी फक्त निजामच गेल्यामुळे रीत नीट पाहायला मिळाली नाही, असे त्यात म्हटले होते.

तो मुद्दाम केलेला अपमान होता, की खरोखरच गोंधळ, यावर आजही वाद होतात. आमच्या घरात तो वाद १९११ च्या डिसेंबरमध्येच झाला होता. आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यांच्या आठवणीनुसार, दिल्लीची बातमी आल्यावर त्यांचे वडील दोन दिवस जेवताना एक शब्द बोलले नाहीत, कारण महाराजांना गादीवरून काढतील अशी कचेरीत सर्वांना धास्ती होती. १८७५ मध्ये मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केले होते, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला बारा वर्षांचा मुलगा त्यानंतरच दत्तक येऊन सयाजीराव झाला होता. तेव्हा ही धास्ती पोकळ नव्हती. तिसऱ्या दिवशी पणजोबा एवढेच म्हणाले, की सरकारांसमोर मी रोज तीनदा वाकतो, पण सरकार कुणासमोर किती वाकले ते मोजण्याचा अधिकार मला नाही. आजोबांना हे वाक्य आयुष्यभर पाठ होते. माझ्या कर्ट्सीच्या सरावाच्या त्या संध्याकाळी त्यांनी ते जसेच्या तसे म्हटले आणि आपले वडील मुजरा कसा करत तेही उठून करून दाखवले. कमरेतून वाकताना त्यांना त्रास झाला आणि आजी त्यांच्यावर रागावली.

मी ते चित्रण खूप उशिरा, संगणकाच्या पडद्यावर पाहिले. इतकी मोठी गोष्ट इतकी थोडी असेल असे मला वाटले नव्हते. एक माणूस येतो, मान झुकवतो, वळतो, जातो. मी ते थांबवून थांबवून पाहिले आणि त्यात राग शोधला, भीती शोधली, पण धूसर चित्रात चेहरा दिसत नाही. दिसते ती पाठच.

या गोष्टीला जोडून आणखी एक सांगितले पाहिजे, जे आमच्या घरात कधी सांगितले गेले नाही. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेत शिकायला गेले, आणि १९१७ मध्ये परतून करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्याच बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत आणि त्यांना राहायला शहरात जागा मिळत नव्हती. ज्यांना आपल्या महाराजांच्या ताठ पाठीचा अभिमान होता, त्याच कचेऱ्यांत हे चालले होते. माझे पणजोबा तेव्हा तिथे नोकरीत होते. त्यांनी काय पाहिले आणि काय केले, हे विचारायला माझ्याकडे कोणी उरलेले नाही. पण अभिवादनांचा इतिहास लिहिताना, ज्या समाजाला शतकानुशतके ‘जोहार मायबाप’ म्हणत दुरून वाकायला लावले गेले, त्याने आंबेडकरांच्या चळवळीत तो जोहार टाकून देऊन ‘जय भीम’ हे स्वतःचे अभिवादन घेतले, ही गोष्ट दिल्लीच्या त्या दरबारापेक्षा मला लहान वाटत नाही. संस्थानिक एकदाच वाकला याची बातमी लंडनपर्यंत गेली, आणि गावकुसाबाहेरचा माणूस रोज वाकत होता याची बातमी कुठेच नव्हती.

दिल्लीच्या छत्राखाली बसलेल्या राणी मेरीकडे मी पूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. तिचा जन्म १८६७ चा. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी तिचा मुलगा सहावा जॉर्ज गेला आणि दुसऱ्या दिवशी केनियाहून परतलेली तिची पंचवीस वर्षांची नात एलिझाबेथ लंडनमधील क्लॅरेन्स हाउस या घरी पोहोचली. थोड्याच वेळात चौऱ्याऐंशी वर्षांची राणी मेरी तिथे गेली आणि तिने नातीसमोर गुडघे लववले. ज्या मुलीला तिने शिष्टाचाराचे धडे दिले, तीच आता राणी होती, आणि मुलगा गमावलेल्या आईने तिला आलिंगन देण्याआधी कर्ट्सी करायची होती. या प्रसंगाबद्दल माझे मन कधी स्थिर झालेले नाही. एकदा वाटते, की दुःखात बुडालेल्या घरात हा नियम क्रूर होता. मग वाटते, की अशा वेळी माणसाला काय करावे ते सुचत नाही, आणि शरीराला ठाऊक असलेली एखादी जुनी रीतच त्याला उभे ठेवते. आपल्याकडेही बाराव्या-तेराव्या दिवसांपर्यंत घरातले लोक विधींच्याच आधाराने चालत असतात.

नातीनेही एक कर्ट्सी परत केली, हे फार थोड्यांना आठवते. २ जून १९५३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राज्याभिषेकाच्या आरंभी धर्मगुरूने तिला चारही दिशांना वळून जमलेल्या लोकांसमोर आपली राणी म्हणून उभे केले, लोकांनी प्रत्येक दिशेने जयघोष केला आणि प्रत्येक वेळी तिने लोकांना गुडघे लववून उत्तर दिले. मुकुट अजून डोक्यावर यायचा होता. मुकुट चढल्यावर ती कोणासमोर लवली नाही. ६ सप्टेंबर १९९७ रोजी डायनाची शवपेटी राजवाड्यासमोरून गेली तेव्हा मात्र तिची मान झुकली आणि ते साऱ्या जगाने पाहिले.

आज ब्रिटनच्या राजघराण्याची अधिकृत भूमिका अशी आहे, की भेटीच्या वेळी सक्तीचा असा कोणताही नियम नाही. ज्यांना जुनी रीत पाळायची असेल, त्यांपैकी पुरुषांनी मानेतून झुकावे, स्त्रियांनी लहानशी कर्ट्सी करावी, आणि नुसते हस्तांदोलन केले तरी चालते. तरीही लोक मोजतात. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी कॅनबेरात राणीचे स्वागत करताना कर्ट्सी न करता थोडे झुकून हात मिळवला, तर त्यावर तिथे कित्येक दिवस चर्चा झाली. पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांची कर्ट्सी फार खोल होती, म्हणून त्यांच्याही गुडघ्यांची छायाचित्रे छापून आली. स्त्रीने किती लवावे याचे माप अजून दुसऱ्यांच्याच हातात आहे, याचा मला मनापासून राग येतो. विम्बल्डनने मात्र हे सुंदर रीतीने सोडवले. माझ्या तरुणपणी दूरदर्शनवर अंतिम सामना पाहताना कोर्टवर येणाऱ्या खेळाडू मुली मध्येच थांबून रॉयल बॉक्सकडे वळून लवत, तेव्हा मी आईला सांगत असे, की हे मला येते. २००३ मध्ये त्या क्लबचे अध्यक्ष असलेल्या ड्यूक ऑफ केंट यांनीच ती प्रथा थांबवली आणि राणी किंवा युवराज हजर असतील तेव्हापुरती ठेवली. त्यामुळे २०१० मध्ये राणी तिथे आली, तेव्हा अँडी मरेने मान झुकवली ती सवयीने झुकलेली नव्हती.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये मी मुलाकडे लंडनला होते. त्याच्या शेजारी एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई एकट्या राहतात. त्यांनी आयुष्यभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले. राणीचे पार्थिव वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये दर्शनासाठी ठेवल्यावर त्यांना जायचे होते आणि सोबतीला कोणी नव्हते, म्हणून मी गेले. थेम्सच्या दक्षिण काठाने ती रांग मैलोगणती गेली होती. हाताला क्रमांकाची पट्टी बांधून आम्ही संध्याकाळी उभ्या राहिलो आणि पहाटे आत पोहोचलो. त्या पाच दिवसांत सुमारे अडीच लाख लोक तिथून गेले. रांगेत त्यांनी मला सांगितले, की त्या नऊ वर्षांच्या असताना राज्याभिषेकाच्या दिवशी त्यांच्या गल्लीत मुलांचा समारंभ झाला होता, आणि एका मुलीला कागदाचा मुकुट घालून राणी करून सगळ्या मुलींनी तिला कर्ट्सी केली होती. त्यानंतर ती करायचा प्रसंगच आला नाही, कारण त्यांच्यासारख्यांना राजवाड्यात कोण बोलावणार. आता गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी बसू-वाकू नका असे सांगितले होते, पण त्या आठवडाभर ओट्याला धरून सराव करत होत्या.

मी काय करणार, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी सांगितले, की आमच्याकडे रस्त्याने अनोळखी माणसाची अंत्ययात्रा चालली असली तरी आम्ही थांबून हात जोडतो, तसे मी करीन. त्या राणीने माझ्या मनात राज्य केलेले नव्हते आणि आजोबांच्या नातीने तिथे गुडघा लववणे मला खरे वाटले नसते. पण मेलेल्या माणसाला नमस्कार करायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.

हॉलमध्ये शिरल्यावर इतकी शांतता होती, की पहारेकरी बदलताना होणारा काठीचा आवाज छपराच्या ओक लाकडापर्यंत जाऊन परत आल्यासारखा वाटे. कोणी कसे अभिवादन करावे हे तिथले कर्मचारी कोणालाच सांगत नव्हते. आमच्या पुढच्या एका शीख गृहस्थांनी हात जोडले, एका तरुण मुलीने छातीवर क्रूस रेखला, एक म्हातारा सैनिक खाडकन सलाम करून गेला, आणि कित्येक जण तर काहीच न करता नुसते क्षणभर उभे राहून पुढे सरकत होते. आमची पाळी आली. बाईंनी माझा उजवा हात मनगटाजवळ घट्ट धरला, उजवे पाऊल मागे नेले आणि हळूहळू खाली जाऊ लागल्या. त्यांचा सगळा भार माझ्या हातावर आला. पाठ अगदी सरळ होती. वर येताना एकदा त्या अडखळल्या, मी हात वर उचलला आणि त्या उभ्या राहिल्या. मला दोन्ही हात जोडता आले नाहीत, कारण एक त्यांच्याकडे होता. मी डावा हात छातीशी नेला आणि मान लववली.

मागचे लोक पुढे येत होते, तेव्हा आम्ही निघालो. बाहेरच्या दारापर्यंत बरेच अंतर होते आणि बाईंना जमिनीकडे पाहून चालावे लागत होते. आमच्या आधीचे, आमच्या नंतरचे, सगळेच शवपेटीकडे पाठ करून, आपापल्या चालीने, उत्तरेच्या दाराकडे चालले होते.